इंग्लंडमधल्या गावच्या जुन्या चर्चचा बांधकाम-इतिहास भिंतींवरून कसा वाचावा

इंग्लंडमध्ये राहणारी किंवा मुलाबाळांकडे म्हणून तिथे दोन-तीन महिने जाणारी मराठी माणसे मोठी कॅथीड्रल आवर्जून पाहतात, पण रोज सकाळी ज्या गावातून फिरून येतात त्या गावचे चर्च बहुधा बाहेरूनच पाहून पुढे जातात. मध्ययुगात बांधलेली अशी आठ हजारांहून अधिक चर्चे त्या देशात आजही उभी आहेत आणि त्यांतली बरीचशी दिवसा उघडी असतात. दाराशी लावलेल्या फलकावर ‘बारावे शतक’ एवढेच लिहिलेले असते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. कारण असे चर्च एकदा बांधून पुरे झालेले नसून गावाच्या गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे सहा-सातशे वर्षे वाढत, मोडत आणि दुरुस्त होत आलेले असते. हा सगळा व्यवहार भिंतींवर उमटलेला असतो. तो वाचायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. दोन-तीन तास, थोडी शिस्त आणि पुढील मुख्य नियम पुरतो: आधी कोणते काम कोणत्या कामाच्या आधीचे हा क्रम लावावा, आणि क्रम लागल्यावरच सन-शतकाकडे वळावे. नवशिक्या माणूस नेमके उलटे करतो. तो खिडकीचा आकार पाहून शतक ठरवतो आणि मग सगळी भिंत त्या शतकाच्या नावावर मांडून मोकळा होतो.

बरोबर कोरे कागद, पेन्सिल, होकायंत्र, छोटी विजेरी आणि जमल्यास दुर्बीण असावी. वेळ निवडताना ऊन तिरपे पडेल अशी सकाळ किंवा संध्याकाळ धरावी, कारण भर दुपारी सपाट वाटणारी भिंत तिरप्या उजेडात आपले सगळे उंचवटे, भरलेल्या खाचा आणि छिन्नीचे घाव दाखवते. आत जाण्यापूर्वी चर्चला एक पूर्ण फेरी घालावी आणि पावलांनी अंतर मोजत कच्चा नकाशा काढावा. हा नकाशा काढणे अवघड नाही, कारण या इमारतींची ठेवण ठरलेली असते. वेदी पूर्वेला असते. वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, त्याच्या पश्चिमेला लोकांनी उभे राहण्याची मोठी जागा म्हणजे नेव्ह, आणि नेव्हच्या उत्तर-दक्षिण बाजूंना, आपल्या देवळाच्या ओवऱ्यांची आठवण व्हावी अशा, कमानींच्या रांगेपलीकडच्या लांबट जागा असतात. त्यांना मी या लेखात ओवऱ्याच म्हणणार आहे. मनोरा बहुधा पश्चिम टोकाला, क्वचित नेव्ह आणि चॅन्सेल यांच्या मध्ये असतो. चर्चभोवतीची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच दिसली तर इमारत खचली असे समजू नये. शतकानुशतके तिथे दफने झाल्यामुळे मातीच वर आलेली असते.

आता फेरी घालताना पाहायचे ते दरजांकडे. गवंडी एकाच दमात भिंत बांधतो तेव्हा थरामागून थर सांधमोड करत नेतो आणि कोपऱ्याला दोन्ही भिंतींचे दगड एकमेकांत गुंततात. नवी भिंत जुन्या भिंतीला नंतर येऊन टेकते तेव्हा मात्र हा गुंता साधत नाही आणि जमिनीपासून वरपर्यंत एक उभी सरळ दरज राहते. अशी दरज सापडली की तिथे दोन वेगळी कामे भेटली, एवढे पक्के. त्यांतले आधीचे कोणते हे ठरवायला दरजेच्या दोन्ही बाजूंचे दगड हात लावता येईल इतक्या जवळून पाहावेत. एका बाजूला मोठे, चौरस घडलेले, आडवे-उभे आळीपाळीने रचलेले दगड असतील तर तो एकेकाळी मोकळा कोपरा होता. दुसऱ्या बाजूचे लहान-मोठे अनघड दगड नुसते त्याला भिडवलेले असतील तर ती भिंत नंतर आली. जोत्याची कोरीव पट्टी एका बाजूने येऊन दरजेपाशी अचानक थांबत असेल तरी हाच निष्कर्ष निघतो.

खिडक्यांनाही हीच कसोटी लावावी. खिडकी भिंतीबरोबर बांधली असेल तर भिंतीचे थर तिच्या चौकटीच्या दगडांशी मिळतेजुळते येतात. भिंत फोडून मागाहून बसवली असेल तर चौकटीभोवती लहान चिपांचा आणि वेगळ्या रंगाच्या चुन्याचा भराव दिसतो, आणि पुष्कळदा शेजारी एखाद्या जुन्या अर्धवर्तुळाकार कमानीचा तुटका चाप उरलेला असतो. हा चाप कागदावर लगेच उतरवावा. जी गोष्ट दुसरीला कापते ती नंतरची आणि जी कापली जाते ती आधीची, हे एवढे भान ठेवले तर अर्ध्या भिंती आपोआप उलगडतात.

केवळ क्रमावर भर दिल्याने काय हाती लागते याचे उत्तम उदाहरण लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबर इथल्या सेंट पीटर चर्चचे आहे. टॉमस रिकमन या स्वतःच्या हिकमतीने वास्तुकला शिकलेल्या गृहस्थाने 1817 मध्ये इंग्लंडच्या मध्ययुगीन इमारतींची नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर अशी चार शैलींत विभागणी केली. ही नावे आजही चालतात. पण 1066 च्या नॉर्मन स्वारीपूर्वीचे, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातले दगडी काम उरले आहे की नाही आणि असल्यास ते ओळखायचे कसे, हा प्रश्न तोवर नीट सुटलेला नव्हता. बार्टनच्या मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर लाकडी सांगाड्यासारख्या उभ्या दगडी पट्ट्या आणि त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या आहेत, तर सर्वांत वरचा घंटेचा मजला निराळ्या घडणीचा, सुरुवातीच्या नॉर्मन कामाशी जुळणारा आहे. रिकमनने 1819 मध्ये मांडलेला तर्क असा की वरचा मजला नॉर्मन काळाच्या सुरुवातीचा असेल, तर ज्यावर तो उभा आहे तो भाग त्याहून जुना असलाच पाहिजे. कोणताही कागद, कोणताही शिलालेख हाती नसताना ‘खालचे आधीचे’ एवढ्या एका गोष्टीवर त्याने एक अख्खा कालखंड ओळखता येईल असा केला.

या नियमाला एक अपवाद ध्यानात ठेवावा. आपल्या जुन्या वाड्यांचे जोते दगडी आणि वरची भिंत विटांची असते, पण ती दोन काळांची नसते. पैसा आणि सामान जसे मिळाले तसे एकाच वेळी केलेले ते काम असते. इंग्लंडमधल्या चर्चमध्येही केवळ दगडाचा रंग बदलला म्हणून काळ बदलला असे धरू नये. मनोऱ्यांत तर थरांचे आडवे पट्टे हमखास दिसतात. चुन्याचे काम थंडीत गोठून वाया जाते, म्हणून गवंडी उन्हाळ्यात बांधत आणि हिवाळ्यात भिंत झाकून ठेवत. सफोकमधल्या वॉल्बर्सविक या किनाऱ्यावरच्या गावाने 1426 मध्ये मनोऱ्यासाठी दोन गवंड्यांशी केलेला करार उपलब्ध आहे. त्यात काम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर एवढ्याच मुदतीत करायचे, उंचीच्या दर यार्डामागे 40 शिलिंग द्यायचे आणि शिवाय दरवर्षी हेरिंग माशांचे एक पिंप द्यायचे असे ठरले आहे. मनोरा शेजारच्या टनस्टॉल गावच्या मनोऱ्यासारखा आणि दार हेल्सवर्थच्या दारासारखे हवे, असेही त्यात नमूद आहे. शैली गावोगाव कशी पसरत असे याचे इतके सरळ उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळते: पंचांनी शेजारच्या गावाकडे बोट दाखवले आणि गवंड्यांनी ते मान्य केले.

दगड कुठून आला हेही विचारावे. डरहॅम परगण्यातल्या एस्कम या लहानशा गावातले चर्च सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. उंच आणि अरुंद नेव्ह, इवल्या खिडक्या, जवळजवळ काहीच नंतर न वाढवलेले. त्याचे दगड जवळच्या बिंचेस्टर इथल्या रोमन किल्ल्यातून आणलेले आहेत. उत्तरेच्या भिंतीत एक दगड उलटा बसलेला दिसतो आणि त्यावर सहाव्या रोमन पलटणीचे नाव कोरलेले आहे. वाचता न येणाऱ्या किंवा वाचण्याची फिकीर नसलेल्या गवंड्याने तो फक्त चांगला चौकोनी दगड म्हणून उचलला असणार. म्हणजे दगडाचे वय आणि भिंतीचे वय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हेमाडपंती देवळाचा कोरीव खांब नंतरच्या एखाद्या वेशीत किंवा बारवेत बसवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

घडीव दगडावरचे हत्याराचे घाव हा आणखी एक साक्षीदार आहे. नॉर्मन काळातले दगड बहुधा कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासलेले असून त्यांवर तिरपे, लांब, किंचित अनियमित फटके दिसतात. पुढे छिन्नी आली आणि घाव बारीक, सरळ झाले. 1174 मध्ये कँटरबरीच्या चर्चला आग लागली आणि पूर्वेचा भाग नव्याने बांधला गेला, तेव्हा तिथल्या जर्व्हेस नावाच्या साधूने जुन्या आणि नव्या कामाची तुलना करताना जुने कोरीवकाम कुऱ्हाडीचे आणि नवे छिन्नीचे असल्याचे लिहून ठेवले. समकालीन माणसालाही हा फरक डोळ्यात भरला होता, ही नोंद म्हणूनच मोलाची. अगदी यंत्राने कापल्यासारखा गुळगुळीत, धारदार कडांचा दगड दिसला तर मात्र तो एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीचा असण्याची शक्यता आधी तपासावी.

बाहेरची फेरी संपल्यावर आत जावे आणि दाराशी थोडा वेळ थांबून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. आत पाहायची पहिली गोष्ट म्हणजे नेव्ह आणि ओवऱ्या यांमधली कमानींची रांग. मूळचे चर्च बहुतेक ठिकाणी दोन खोल्यांचे होते, एक लोकांसाठी आणि एक वेदीसाठी. वस्ती वाढली, धनिकांना आपल्या कुळासाठी वेगळी वेदी हवीशी झाली, की नेव्हची बाजूची भिंत फोडून तिच्यात कमानी काढल्या जात आणि पलीकडे उतरत्या छपराची ओवरी जोडली जाई. भिंत पूर्ण पाडत नसत, म्हणून कमानींच्या वर पाहावे: तिथे जुन्या बाहेरच्या भिंतीचा तुकडा आणि कधीकधी वाटेल त्या ठिकाणी अर्धी कापली गेलेली जुनी खिडकी अजून असते. ओवऱ्या झाल्या की नेव्हमध्ये अंधार होई. त्यावर उपाय म्हणून पंधराव्या शतकात कित्येक गावांनी नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग काढली आणि उभ्या उताराच्या छपराऐवजी शिशाच्या पत्र्याचे जवळजवळ सपाट छप्पर घातले. जुन्या छपराची खूण मात्र मनोऱ्याच्या पूर्वेच्या अंगावर उलट्या व्हीच्या आकारात राहते. ती सापडली की जुन्या नेव्हची उंची आणि छपराचा उतार दोन्ही कळतात.

वाढीसारखाच संकोचही भिंतीत दिसतो, आणि माझ्या मते तो अधिक बोलका असतो. यॉर्कशायर वोल्ड्स या चुनखडीच्या टेकड्यांमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे उजाड गाव आहे. मॉरिस बेरेसफोर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी 1950 पासून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन केले. गावात आज घरांच्या जागी फक्त गवताखालचे उंचवटे आहेत आणि उभे आहे ते बिनछपराचे सेंट मार्टिन चर्च. त्याच्या जमिनीखाली आधीच्या लहान चर्चच्या खुणा मिळाल्या. बाराव्या शतकात ते मोठे झाले, नंतर दोन्ही बाजूंना ओवऱ्या आल्या. पुढे माणसे कमी झाली, शेतीच्या जागी मेंढ्या आल्या, आणि सोळावे शतक उजाडेपर्यंत गाव जवळजवळ रिकामे झाले. तेव्हा ओवऱ्या पाडून कमानी दगडांनी बुजवल्या आणि पाडलेल्या ओवऱ्यांच्या खिडक्या उचलून त्या बुजवलेल्या कमानींत बसवल्या. आज तिथे उभे राहिले की बाहेरच्या भिंतीत खांब, त्यावरची कमान, कमानीच्या पोटातला भराव आणि त्या भरावात अंग चोरून बसलेली खिडकी असे वेगवेगळे काळ एका नजरेत येतात. एखाद्या कुटुंबाने मुले शहरात गेल्यावर वाड्याचे अर्धे दार विटांनी बंद करून राहावे, तसे ते आहे. खिडकी भरावाच्या आधीची आहे पण भरावात बसली भरावाबरोबर; ‘कापते ते नंतरचे’ हा नियम इथे जरा सांभाळून लावावा लागतो, हेही या एका भिंतीवर शिकता येते.

चॅन्सेल आणि नेव्ह वेगवेगळ्या काळांतले का दिसतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे कारण हिशेबाचे आहे. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये अशी रीत पक्की झाली होती की चॅन्सेलची देखभाल तिथल्या धर्मगुरूने किंवा ज्या मठाकडे त्या गावचे धर्मकराचे उत्पन्न जाई त्या मठाने करायची आणि नेव्हचा खर्च गावकऱ्यांनी उचलायचा. म्हणून लोकरीच्या व्यापाराने गाव श्रीमंत झाले की नेव्ह झगझगीत होतो आणि शेजारचा चॅन्सेल, दूरच्या मठाला पैसे सोडवत नसल्यामुळे, तेराव्या शतकातल्या ठेंगण्या रूपातच राहतो. दोहोंच्या मधल्या कमानीपाशी, डोक्याच्या खूप वर, कुठेही न नेणारे एखादे चिमुकले दार दिसले तर गोंधळू नये. तिथे क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती असलेला लाकडी सज्जा होता आणि भिंतीतल्या जिन्याने त्यावर जाता येई; सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत सज्जे उतरवले गेले, जिने राहिले. उत्तरेकडचे बुजवलेले दार पाहून गाईड लोक ‘सैतानाचे दार’ अशी गोष्ट रंगवून सांगतात. गोष्ट ऐकायला हरकत नाही, पण अनेक ठिकाणी साधे कारण पुरते: मध्ययुगातल्या मिरवणुका धर्मसुधारणेनंतर बंद झाल्या आणि गार वारा आत सोडणारे ते दार कोणाला नको झाले.

इतके झाल्यावर, आणि इतके झाल्यावरच, शैलीकडे वळावे. जाड भिंत, गोल कमान, नागमोडी दातेरी नक्षी हे नॉर्मन काळाचे, म्हणजे साधारण अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बाराव्याच्या अखेरीपर्यंतचे लक्षण. 1200 च्या सुमारास टोकदार कमानीच्या उंच, सडपातळ, एकेकट्या खिडक्या येतात. 1300 च्या आसपास एका खिडकीत दगडी दांड्यांनी विभागलेल्या दोन-तीन उभ्या फटी आणि वर दगडी जाळी, नंतर त्या जाळीत लाटेसारखी वळणे दिसू लागतात. 1330 च्या दशकापासून ग्लॉस्टरसारख्या मोठ्या ठिकाणी सुरू झालेली सरळ उभ्या दांड्यांची जाळी पुढे गावोगाव पोचली आणि सोळाव्या शतकापर्यंत टिकली. भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकूही काळ सांगतात: नॉर्मन टेकू रुंद आणि जेमतेम पुढे आलेले असतात, नंतरचे अरुंद आणि खूप पुढे आलेले, आणि मनोऱ्याच्या कोपऱ्यावर तिरपा बसवलेला टेकू बहुधा चौदाव्या शतकाचा किंवा त्यानंतरचा. ही वर्षे राजधानीतल्या आणि मठांतल्या कामांवरून ठरली आहेत. आडगावच्या गवंड्याने बापाकडून शिकलेली खिडकी आणखी तीस वर्षे काढली असेल, तेवढी सूट प्रत्येक वेळी द्यावी. शिवाय 1348-49 च्या प्लेगने गवंडीही नेले आणि पैसे देणारेही. अर्धवट थांबलेले काम दिसले तर हे एक संभाव्य कारण म्हणून मनात असू द्यावे, सिद्ध झालेले म्हणून नव्हे.

सरावासाठी कोणते चर्च घ्यावे? हेरफर्डशायरमधले किलपेक फार सुंदर आहे. 1140 च्या सुमाराचे, वळचणीखाली कोरलेल्या पशु-मानवी मुखांची रांगच रांग असलेले. पण पहिल्या धड्याला ते उपयोगाचे नाही, कारण ते जवळजवळ एकाच दमात बांधलेले आहे आणि क्रम लावायला तिथे फारसे काही नाही. मी सुरुवात ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, आता शहरातच सामावलेल्या इफ्ली गावच्या सेंट मेरी चर्चपासून करायला सांगेन. 1160 च्या दशकात सेंट रेमी घराण्याने ते बांधले. पश्चिमेला नेव्ह, मध्ये मनोरा, पूर्वेला चॅन्सेल. ओवऱ्या कधी जोडल्याच नाहीत, त्यामुळे मूळ नकाशा स्वच्छ दिसतो. दक्षिणेच्या दाराशी आधी जावे. सिंहाशी झुंजणारा सॅमसन आणि लढणारे घोडेस्वार तिथे अजून धारदार आहेत, आणि याचे कारण भक्ती नसून छप्पर आहे: या दारापुढे पूर्वी पडवी होती आणि तिने पाऊस अडवला. पश्चिमेचे दार मात्र उघड्यावर राहिले.

मग नेव्हच्या भिंतींकडे पाहावे. त्यांतल्या रुंद, बहुफटी खिडक्या पंधराव्या शतकात नॉर्मन भिंत फोडून बसवलेल्या आहेत. कापणारे आणि कापले गेलेले यांचा धडा इथे हाताशी आहे. आत गेल्यावर चॅन्सेलच्या छताखाली उभे राहावे आणि मान वर करावी. पश्चिमेकडच्या चौकात (छताच्या एका चौकोनी भागाला मी चौक म्हणतो आहे) दगडी फासळ्यांवर नॉर्मन दातेरी नक्षी आहे; पुढच्या, पूर्वेकडच्या चौकात फासळ्या साध्या, गोलसर घडणीच्या आहेत आणि खिडक्या टोकदार. तेराव्या शतकात चॅन्सेल एका चौकाने लांबवला तेव्हाचे हे काम. दोन पावले पुढे-मागे सरकले की सत्तर वर्षांचा फरक डोक्यावरून जातो. याच काळात, 1232 पासून 1241 पर्यंत, अनोरा नावाची एक कुलीन विधवा या चर्चला लागून असलेल्या कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन व्रतस्थ राहिली होती. अशा कोठड्यांच्या खुणा म्हणून इतर चर्चमध्येही बाहेरच्या भिंतीतली बुजवलेली लहान दारे आणि झरोके तपासून पाहावेत.

इफ्लीला मी स्वतः फसलो ते पश्चिमेच्या मोठ्या गोल खिडकीपाशी. सगळा दर्शनी भाग नॉर्मन, भोवती दातेरी नक्षी, म्हणून मी तिला बिनदिक्कत बाराव्या शतकात टाकले होते. प्रत्यक्षात ती 1856 मधली आहे. मूळची गोल खिडकी मध्ययुगाच्या अखेरीस काढून तिथे दुसरी बसवली गेली होती, आणि भिंतीत उरलेल्या जुन्या वर्तुळाच्या खुणांवरून एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा गोल करण्यात आली. दुर्बिणीतून पाहिले असते तर दगडांच्या कडांनीच सांगितले असते. तेव्हापासून कोणतेही चर्च पाहताना मी आधी व्हिक्टोरियन काम शोधून कागदावर वेगळ्या रंगाने बाजूला काढतो. त्या काळात जवळजवळ प्रत्येक गावच्या चर्चची ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली डागडुजी झाली, नवी छपरे चढली, आणि मध्ययुगातल्या खिडक्या काढून मध्ययुगासारख्या खिडक्या बसवल्या गेल्या. जीर्णोद्धार हा आपल्याकडेही जपून वापरण्याचा शब्द आहे. ऑइल पेंट चढवलेला गाभारा कोणी पाहिलेला नाही?

याची उलटी फसगतही होते. एसेक्समधल्या रिव्हनहॉलचे चर्च 1830 च्या दशकाअखेर सिमेंटच्या गिलाव्याने मढवले गेले आणि पुढे कित्येक दशके ते एकोणिसाव्या शतकातलेच मानले जाई. 1971 मध्ये गिलावा निघाला तेव्हा आत सॅक्सन खिडक्या जागच्या जागी होत्या. म्हणून गिलावा केलेल्या भिंतीबद्दल नकाशावर ‘माहीत नाही’ असेच लिहावे. गोव्यातली किंवा वसईची चर्चे या पद्धतीने वाचू पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ती मध्ययुगीन नव्हेत, सोळाव्या शतकापासून पुढची आहेत. पण चुन्याचा गिलावा धरून ठेवलेल्या जांभ्याच्या भिंतीतल्या दरजा बहुतांशी झाकलेल्या असतात, तर वसई किल्ल्यातल्या भग्न, गिलावा उडालेल्या चर्चमध्ये त्या उघड्यावर वाचता येतात.

भिंतींनी क्रम दिला की कागद त्याला सन देतात, आणि कागद या टप्प्याच्या आधी हाती घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेलेच मग भिंतीत दिसू लागते. 1086 च्या डूम्सडे नोंदणीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीत, गावात चर्च किंवा पाद्री असल्याचा उल्लेख मिळाला, तर तेव्हा तिथे चर्च असावे एवढे कळते. समोरची भिंत तीच, असे कळत नाही. मृत्युपत्रांतून ‘नव्या मनोऱ्याच्या कामासाठी’ ठेवलेल्या रकमा सापडतात आणि मनोऱ्याचे वर्ष जवळजवळ हातात येते. अँग्लिकन चर्चमध्ये इमारतीत फेरबदल करायला धर्मप्रांताची परवानगी लागते आणि त्या परवानग्यांचे जुने कागद परगण्याच्या दप्तरखान्यात मिळतात. 1818 मध्ये स्थापन झालेल्या चर्च-बांधणी सोसायटीकडे अनुदानासाठी आलेले नकाशे आता लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत आणि त्यांत दुरुस्तीपूर्वीची स्थिती अनेकदा दिसते. जॉन बकलर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेली चर्चची रेखाचित्रे तर तुलनेसाठी सोन्यासारखी आहेत. लाकूड असेल तर झाडाच्या वलयांवरून तोडणीचा काळ काढता येतो. एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या चर्चची उभ्या ओक-ओंडक्यांची भिंत पूर्वी नवव्या शतकातली सांगत. वलयांनी ती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणून ठेवली.

शेवटी घरी येऊन कच्चा नकाशा पक्का करावा. प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग द्यावा, खात्री असलेल्या भिंती भरीव आणि तर्काने जोडलेल्या तुटक रेषांनी काढाव्यात, गिलाव्याखालच्या कोऱ्या ठेवाव्यात. नकाशाखाली टिपण लिहिताना पुरावा आणि निष्कर्ष एकाच वाक्यात बांधावेत, म्हणजे पुढे येणाऱ्याला तपासता येईल. इफ्लीच्या माझ्या वहीत आता असे लिहिले आहे: ‘पहिला टप्पा, 1160 चे दशक: नेव्ह, मनोरा, चॅन्सेलचा पश्चिम चौक; तिन्हीकडे सारखी दातेरी नक्षी. दुसरा टप्पा, तेरावे शतक: चॅन्सेलचा पूर्व चौक, साध्या फासळ्या, टोकदार खिडक्या. तिसरा, पंधरावे शतक: नेव्हच्या रुंद खिडक्या, नॉर्मन भिंत कापतात. चौथा, 1856: पश्चिमेची गोल खिडकी, आधीची नोंद खोडली आहे.’